हळदीचा पंजा

विजयादशमीच्या सकाळी धुकं ओसरलं, तेव्हा सोनवळच्या भुईकोटाचे बुरूज आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेला घोडदौडीचा माळ एकदमच उजेडात आले. तीन पिढ्यांचा रिवाज असा, की या दिवशी घोड्यांची पूजा व्हायची, किल्लेदारांच्या घरची सुवासीण प्रत्येकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर हळदीचा पंजा उठवायची, आणि मग शर्यत सुटायची. पूजलेल्या जनावरावर त्या दिवशी कोणी हात उगारायचा नाही. आणि जो घोडा पहिला येईल त्याच्यासाठी, त्याच्या स्वारासाठी व सोबत्यांसाठी महादरवाजा नाव न विचारता उघडायचा. रिवाज मोठा देखणा होता, आणि कारभारी मालोजी काकड्यांनी नेमका तोच शत्रूला विकला होता.

पतीच्या पश्चात पागा सांभाळणाऱ्या दर्याबाईंनी पाहुणे स्वार पाहिले मात्र, तशा त्या तडक नगारखान्यावर किल्लेदार हैबतरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आपल्या वैऱ्याचा, कोंढवळच्या जहागीरदाराचा सरदार सर्जेराव शर्यतीला आला आहे. त्याच्या सोबत्यांच्या अंगरख्याखाली चिलखतं आहेत. आपली हत्यारं आज पूजेला मांडलेली. तो जिंकला तर कोट गेलाच म्हणून समजा."

"बाईसाहेब, नुसत्या संशयावरून दरवाजा लावला, तर वाडवडिलांचा शब्द आमच्या हातून मोडेल. जिंकला तो आत येईल."

हैबतराव शूर होते, पण रिवाजापुढे त्यांची मती गोठायची. अशा माणसांचा राग येतो आणि त्यांच्याविषयी मायाही वाटते.

"मग त्याला जिंकू देत नाही," दर्याबाई म्हणाल्या. "शेवंतीवर खोगीर चढवा!"

नगारा वाजला. माळाच्या टोकाच्या दगडी छत्रीला वळसा घालून घोडे परतले, तेव्हा बाकीचे केव्हाच मागे पडले होते, आणि शेवंती घोडी सर्जेरावाच्या अबलख घोड्यापेक्षा मानभर पुढे होती. दर्याबाई तिच्या कानाशी वाकून फक्त बोलत होत्या. सर्जेरावाजवळ चाबूक नव्हता. रिवाज मोडून डाव फसू नये म्हणून कारभाऱ्याने तो आधीच काढून घेतला होता. पण मारूनच घोडा पळवायची ज्याची जन्माची खोड, त्याचा हात ऐन वेळी कसा थांबणार? त्याने लगामाचं लोंबतं टोक फिरवून अबलखाच्या पुठ्ठ्यावर सपकन ओढलं. बिचारं जनावर उसळलं आणि पहिलं आलं.

"दरवाजा उघडा! विजेते आले!" मालोजी ओरडले. दारं करकरत उघडू लागली.

दर्याबाईंनी शेवंती तशीच दौडत नेऊन उंबरठ्यासमोर आडवी घातली.

"बाजूला व्हा, बाईसाहेब. हरलात तुम्ही," सर्जेराव म्हणाला.

"हरले असेन. पण तुला आत सोडणार नाही! हैबतराव, खाली पाहा. त्याच्या घोड्यावरचा पंजा पाहा!"

हैबतरावांनी नगारखान्याच्या सज्ज्यातून वाकून पाहिलं. शेवंतीच्या अंगावर पाचही बोटं स्पष्ट होती. अबलखाच्या अंगावर हळद मधोमध चिरली गेली होती, आणि त्या चिरेत रक्त होतं.

"रिवाज मोडला! दरवाजा लावा!" हैबतराव गरजले, आणि लगेच हाताने खूण करत ओरडले, "बाईसाहेब, आधी आत या!"

अंगरख्याखालच्या तलवारी बाहेर आल्या होत्या.

"मी हलले तर हे घुसतील. लावा म्हणते ना!"

दारं मिटली, आतून अडसर पडला. निःशस्त्र दर्याबाईंवर उगारलेला सर्जेरावाचा वार मान उंचावलेल्या शेवंतीने अंगावर घेतला. तोवर पूजेतल्या तलवारी उचलून कोटातली माणसं दरवाजातल्या छोट्या दिंडीतून बाहेर धावली, आणि माळावर जी कापाकापी झाली तीत सर्जेराव पडला, मालोजी पळताना सापडले.

मग हैबतरावांनी महादरवाजा सताड उघडून दर्याबाईंना मुजरा केला. त्या शेवंतीचं डोकं मांडीवर घेऊन उंबरठ्याबाहेर बसल्या होत्या, आणि रडत होत्या.

"आत चलावं, बाईसाहेब."

"दरवाजा जिंकलेल्या घोड्यासाठी उघडतो ना? मग आधी तिला न्या."

शिलेदारांनी मेलेली घोडी खांद्यांवर उचलली. नगारे झडू लागले.

पुढे राज्यं बदलली, माळाला लाकडी कठडे आले, पैजा लावणारे शौकीन आले. पण दसऱ्याला त्या माळावर चाबूक आणायची कोणाचीही छाती झाली नाही, आणि जिंकलेल्या घोड्याच्या गळ्यात हार पडण्याआधी आजही लोक त्याचा पुठ्ठा पाहतात.