सियाच्या विहिरीकडे

इंग्लंडमधल्या मेडनहेडचे डॉक्टर शशिधर आणि सुमेधा हॉलंडच्या झीलंड भागात आले ते एक विहीर पाहायला. त्यांची एकुलती एक मुलगी सिया ब्रिस्टलला आर्किऑलॉजी शिकत होती. गेल्या समरमध्ये इथल्या खाडीच्या चिखलात, बुडालेल्या गावाची ही विटांची विहीर तिलाच सापडली. "आई, तू ये ना! मी दाखवते तुला!" ती फोनवर ओरडलीच होती. जानेवारीत मेनिंजायटिस झाला आणि दोन दिवसांत ती गेली. आईबाप दोघंही डॉक्टर असून!

लांब काठी टेकत चालणारी तिथली वाटाडी यानेके हिच्या मागोमाग दोघं बांधावरून खाली उतरले. नजर पोचेल तिथवर करडी-हिरवी दलदल, तिला चिरत गेलेले ओहोळ आणि वर रानहंसांचा कलकलाट. चारशे वर्षांपूर्वी इथे शेतं होती, चर्चं होती. स्पॅनिश फौजेला अडवायला बांध फोडले गेले. समुद्र आत शिरला तो कायमचाच.

दुसरा ओहोळ ओलांडला आणि धुकं उतरलं. यानेके थबकली.

"वारा फिरलाय. भरती लवकर येतेय," ती इंग्रजीत म्हणाली. "मागे फिरा!"

"विहीर कुठेय?" सुमेधाने विचारलं.

"त्या लव्हाळ्यामागे. पण आता नाही!"

सुमेधा धावत सुटली.

"सुमेधा, थांब!" शशिधर मागे धावले. ओहोळाची कड खचली. धप्प! ते मांडीपर्यंत रुतले. हलावं तसे आणखी खोल! ओहोळात पाणी चढू लागलं.

सुमेधाने वळून पाहिलं. लव्हाळं काही पावलांवर होतं.

"जा तू," शशिधर धापा टाकत म्हणाले. "एवढी जवळ आलीस. बघून ये."

ती परत फिरली. यानेकेही धावत आली. चिखलात पालथी पडून तिने यानेकेची काठी पुढे सरकवली.

"धरा!"

"अगं, ती विहीर..."

"गप्प बसा हो! काठी धरा!"

दोघींनी जीव खाऊन ओढलं. एक पाय सुटला. मग दुसरा! बूट तिथेच राहिले. कमरेएवढ्या पाण्यातून, एकमेकांना धरून तिघं कसेबसे बांधावर पोचले.

मागे सगळीकडे पाणीच पाणी झालं होतं. लव्हाळ्याचे शेंडेसुद्धा दिसेनात.

"पुन्हा यायचं?" शशिधरनी विचारलं.

सुमेधाने नकारार्थी मान हलवली. "तीच दाखवणार होती हो मला."

फ्यूनरललाही न रडलेले शशिधर आता मोठ्याने रडू लागले. तिने त्यांचं चिखलाने माखलेलं डोकं छातीशी घट्ट धरलं.