दोघांचे अठ्ठावन्न

२०६१ साली खारवाडीच्या शाळेत परख नावाचा यंत्रमानव होता. दर जूनमध्ये तो मुलांच्या सहा चाचण्या घेई आणि प्रत्येकाला शंभरपैकी एक सरासरी आकडा देई. ऐंशीच्या वर आकडा आला की मूल 'प्रतिभा वर्गात' जाई आणि प्रयोगशाळेचं दार फक्त त्या वर्गासाठी उघडे.

सहावीतल्या रुंजीला अठ्ठावन्न मिळाले आणि तिच्या शेजारी बसणाऱ्या तन्वीरलाही अठ्ठावन्नच. रुंजी चक्रावली. तन्वीर धडा वाचताना अडखळायचा, पण बंद पडलेला पंप नुसत्या आवाजावरून ओळखायचा. तिला स्वतःला सगळंच बऱ्यापैकी जमायचं. मग दोघांचा आकडा एकच कसा?

तिची नलूआत्या समुद्राच्या तळाचे नकाशे बनवणारी शास्त्रज्ञ होती. रविवारी तिच्या होडीत बसून रुंजीने हे कोडं तिला सांगितलं.

आत्याने ध्वनिमापक (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली सांगणारं यंत्र) सुरू केला. आधी त्यांनी अलीकडच्या खाडीत या काठापासून त्या काठापर्यंत पाच ठिकाणी खोली मोजली. प्रत्येक ठिकाणी सहा मीटर भरली. मग दोघी पलीकडच्या खाडीत गेल्या आणि तशीच खोली मोजली. तिथे आकडे आले तीन, तीन, अठरा, तीन, तीन.

"आता दोन्हींची सरासरी काढ," आत्या म्हणाली. सरासरी म्हणजे सगळ्या आकड्यांची बेरीज करून, जितके आकडे तितक्यांनी भागल्यावर येणारी संख्या.

रुंजीने बोटांवर हिशेब केला. "इथेही सहा, तिथेही सहा."

"आणि आठ मीटर पाणी लागणारं जहाज कुठल्या खाडीत शिरेल?"

"दुसऱ्या. मधल्या खोल पट्ट्यातून." रुंजी थांबली. "पण सरासरी बघून ते कुणाला कळणारच नाही."

"सरासरी खोटं बोलत नाही गं, पण तळाचा आकार ती सांगत नाही. त्यासाठी आलेख काढावा लागतो, म्हणजे आकड्यांचं चित्र."

दुसऱ्या दिवशी रुंजी मुख्याध्यापिका गोठणकर बाईंसमोर उभी राहिली. "बाई, परखकडून आम्हाला सरासरीच्या आधीचे आकडे मिळतील का?"

बाईंनी परखकडे पाहिलं. "तुझ्याकडे आहेत?"

"आहेत. आजवर कुणी मागितले नव्हते," परख म्हणाला आणि त्याने भिंतीवर तन्वीरचा आलेख उमटवला. वाचन एकतीस, लेखन पस्तीस, गणित बेचाळीस, निरीक्षण पंचावन्न, ध्वनिस्मृती (ऐकलेलं लक्षात ठेवण्याची शक्ती) अठ्ठ्याऐंशी, आकारांची जाण सत्त्याण्णव.

बाईंनी त्या सत्त्याण्णववर बोट ठेवलं. "या मुलाला मी इतकी वर्षं प्रयोगशाळेबाहेर ठेवलं," त्या हळूच म्हणाल्या.

मग वर्गातल्या सगळ्यांचे आलेख निघाले. प्रतिभा वर्गात गेलेल्या शार्दूलच्या आलेखातही एक खड्डा होता, एका चाचणीत आकडा अगदीच कमी. जवळजवळ कुणालाच एका आकड्यात बसवता येत नव्हतं. त्याच आठवड्यात बाईंनी प्रतिभा वर्गाची पाटी उतरवली आणि प्रयोगशाळा सगळ्यांना खुली केली. तन्वीर पाणबुडीचा सांगाडा जोडू लागला. त्याच्या वाचनासाठी परख रोज अर्धा तास त्याच्यासोबत बसू लागला. शार्दूलही खड्डा भरून काढायला मदत मागू लागला.

रुंजीचा आलेख मात्र जवळजवळ सपाट होता, सगळे आकडे छप्पन्न ते साठ. शाळा सुटल्यावर ती परखजवळ गेली. "माझ्यात खोल असं काहीच नाही का रे?"

"मला माहीत नाही," परख म्हणाला. "माझ्याकडे सहाच चाचण्या आहेत. माणसात सहाच गोष्टी असतात, असं मला कुणी शिकवलेलं नाही. ज्यासाठी माझ्याकडे चाचणी नाही, ते मला दिसत नाही."

"मग ते कोण बघणार?"

"जे तुमच्यासोबत राहतात ते. तुम्ही बघितलेलं मला सांगाल, तर मी शिकेन."

रुंजीने हे बाईंना सांगितलं आणि सोमवारपासून वर्गात एक कोरी वही फिरू लागली. आकड्यात न मावणारं काही दुसऱ्यात दिसलं, की ते त्याच्या नावापुढे लिहायचं. परख रोज संध्याकाळी ती वाचे आणि नवी चाचणी कशी बनवता येईल यावर विचार करत बसे.

पहिली नोंद तन्वीरने केली होती. अक्षर वेडंवाकडं होतं, दोन शब्द खोडून पुन्हा लिहिलेले. 'रुंजी. प्रश्न पडला की सोडत नाही. दुसऱ्याचा असला तरी.'