तिसऱ्या पिस्टनवरची माती

"वहिनी, भाजीत मीठ नाही."

"डबी समोर आहे. हात गॅरेजमध्ये ठेवून आलात का, भावोजी?"

एवढंच बोलणं. दादा गेल्यापासून त्या घरात वहिनी आणि धाकटा दीर दिवसाला चार वाक्यं बोलत. त्यातली दोन मिठावर.

पटो न पटो, पण हे घडलंय. रविवारी, भरदुपारी, घरामागच्या गॅरेजमध्ये. वहिनीने तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा शब्दसुद्धा तेच. आजही दुपारी दोन वाजले की ती मागचं दार लावून घेते.

तिच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणत. अर्धं आयुष्य गाडीखाली. तिला त्याच्या तोंडापेक्षा पायच जास्त ओळखीचे.

आता पायही नव्हते.

दीर त्या संध्याकाळी नवी गाडी पळवून बघणार होता. इंजिनात त्याने पुन्हा तेच वाढीव प्रमाणाचे रॉकर घातले होते. रॉकर म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारी छोटी तरफ. दीड प्रमाणाच्या जागी एक पॉइंट सातची घातली, की व्हॉल्व्ह जास्त उघडतो, इंजिन मोकळा श्वास घेतं, गाडी सुसाट सुटते.

दादाचीही सुटली होती. वळणावर इंजिन एकाएकी जाम झालं.

रस्ता ओला होता, असं सगळे म्हणत. तीही म्हणायची.

"आज नका जाऊ."

"का?"

तिने त्याच्या ताटात पोळी वाढली. आणि तेवढ्यात...

कर्र... कर्र... कर्र...

गॅरेजमधून.

कोणीतरी लांब पान्याने इंजिन हाताने फिरवत होतं. अगदी सावकाश.

दिराचा घास हातातच राहिला. गॅरेजची किल्ली त्याच्या खिशात होती.

दोन फेऱ्या झाल्या.

मग... काहीच नाही.

दोघं मागे धावले. कुलूप जसंच्या तसं. आत कोणी नाही.

पण सकाळी त्याने स्वतः आवळलेलं हेड, इंजिनाचं वरचं झाकण... बाकावर उताणं होतं. खाली स्वच्छ फडकं. बोल्ट ओळीने मांडलेले.

आणि तिसऱ्या पिस्टनवर मातीचा चपटा गोळा. मुलं खेळतात तसली मऊ माती.

ही दादाची पद्धत. माती ठेवायची, हेड बसवायचं, हाताने दोन फेऱ्या द्यायच्या, उघडून बघायचं. जेवढी माती उरली, तेवढं व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर.

इथे काहीच उरली नव्हती. म्हणजे वेगात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार आणि इंजिन जाम होणार. व्हॉल्व्हच्या खुणेतून धातू चकाकत होता.

तिने बोट लावलं.

माती कोमट होती. हातात मळून नुकतीच ठेवल्यासारखी.

"अहो...?"

अडीच वर्षांनी तिने ती हाक मारली. कोणी ओ दिली नाही.

दीर फरशीवर बसला.

"वहिनी, रस्ता कोरडा होता."

तिने बोटावरची माती फडक्याला पुसली.

"दादाच्या गाडीचं इंजिन मी जुळवलं होतं. दादाने विचारलं, माती ठेवून बघितलंस ना? मी हो म्हणालो."

त्याने मान वर केली नाही.

"मी बघितलं नव्हतं."