ओल्या कातड्यावरची थाप

ही गोष्ट रात्रीची नाही. दुपारची आहे.

गेल्या जानेवारीत, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात, माझ्या धाकट्या भावाच्या घरी हे घडलं. मी तिथे होते. जे ऐकलं आणि पाहिलं तेवढंच लिहिते आहे. जे दुसऱ्याने सांगितलं, ते कोणी सांगितलं हेही लिहीन.

आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही. आम्ही नागपूरचे बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देवऋषी, अंगारे, उतारे सगळं गावातच सोडलं. लहानपणी कुठे खुट्ट वाजलं आणि आम्ही घाबरलो, की बाबा म्हणायचे, "भेऊन काय होते? जाऊन पाहून ये."

त्या दुपारीही मी जाऊन पाहिलं.

आधी माझ्या भावाबद्दल. कुशल मेकॅनिकल इंजिनिअर. वुस्टरजवळच्या एका कंपनीत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी बेसमेंटमध्ये जेंबे बनवतो. जेंबे म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला ड्रम, मोठ्या पेल्याच्या आकाराचा, एकाच ओंडक्यातून कोरलेला. वर बकरीचं कातडं, दोरांनी ताणलेलं. गिनीहून आलेल्या एका उस्तादाकडे तो वाजवायला शिकायला गेला आणि बनवायलाच लागला. ओंडका पोखरायचा, तासायचा, तेल पाजायचं. कातडं भिजत घालायचं, लोखंडी कड्यांत अडकवायचं, दोर ओढायचे आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. तयार झालेले ड्रम उन्हाळ्यात फार्मर्स मार्केटमध्ये विकायचा, हिवाळ्यात ऑनलाइन.

कुशलकडेच राहणाऱ्या बाबांना, म्हणजे शंकररावांना, हे आवडायचं नाही. खालून ओल्या कातड्याचा वास वर आला की ते खिडकी उघडायचे. बाहेर बर्फ असला तरी.

"इतका शिकला, अमेरिकेत आला, अन् शेवटी चामडंच धुऊन राहिला."

"बाबा, ऑरगॅनिक बकरी आहे," कुशल म्हणायचा.

"ते बकरीले सांग."

बाबा शाळामास्तर होते. आमच्या घराण्यात पेन धरणारा पहिला हात त्यांचा. ऑक्टोबरमध्ये त्यांना स्ट्रोक आला आणि तोच हात गेला. उजवा. बोलणं राहिलं, पण जड आणि तुटक. फिजिओथेरपिस्ट घरी यायची, बोटं एकेक करून वाकवायची. बाबा घामाघूम व्हायचे. बोट हलत नसे.

"लिवता आलं पाह्यजे," एवढंच ते तिला सांगायचे, आणि कुशल ते इंग्रजीत सांगायचा.

मी जर्सी सिटीला राहते. बाबांकडे बघायला माणूस हवं म्हणून श्रूजबरीला गेले होते.

त्या दुपारी कुशल ऑफिसला गेला होता. बाबा हॉलमध्ये त्यांच्या रिक्लायनरवर. मी आणि माझी भावजय अपर्णा स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. बर्फ पडून गेला होता. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही.

थाप...

एकच. खालून.

"फर्नेस असेल," मी म्हटलं. घर तापवणारी भट्टी खालीच होती.

"फर्नेस असं वाजत नाही, ताई."

आम्ही दोघी थांबलो.

पुन्हा थाप... मग दोन, लागोपाठ. मग ठेका सुरू झाला. संथ, चालीचा. कोरड्या, कडक ताणलेल्या कातड्याचा आवाज.

मी खाली गेले. जिन्यावर पाय ठेवला आणि आवाज थांबला.

बेसमेंटमध्ये कोणी नव्हतं. मागच्या अंगणात उघडणाऱ्या दाराबाहेर बर्फाचा ढीग होता, त्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं. तयार ड्रम खोक्यांत बंद होते, टेबलाजवळ एकच उभा होता. कुशलने आदल्या दिवशीच त्यावर कातडं चढवलं होतं.

मी बोट टेकवलं.

कातडं ओलं होतं. बोटाखाली खळगा पडला. मी थाप मारून पाहिली. ओल्या टॉवेलवर मारावी तसा भद्द आवाज आला.

ओलं कातडं वाजत नाही. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण समोर दिसत होतं.

तेवढ्यात वरून अपर्णाची हाक आली.

"ताई, वर या. बाबांचा हात बघा."

बाबांची उजव्या हाताची बोटं रिक्लायनरच्या दांड्यावर पडत होती. थाप... थाप थाप. मी खाली ऐकलेला तोच ठेका.

अपर्णा रडत होती आणि हसत होती.

बाबा हसत नव्हते. शेजारच्या खुर्चीत कोणी अनोळखी माणूस येऊन बसला, तर आपण जसं बघतो, तसं ते आपल्या हाताकडे बघत होते.

फिजिओथेरपिस्टला खूप आनंद झाला. तालाचा अशा पेशंटना उपयोग होतो, म्हणाली. ड्रम त्यांच्याजवळ ठेवा, म्हणाली. मग तिने बाबांच्या बोटांत पेन्सिल दिली.

बोटं लगेच लुळी पडली. पेन्सिल खाली गेली.

त्यानंतर आवाज रोज येऊ लागला. तिथे जानेवारीत चारलाच दिवस मावळतीला लागतो. प्रकाश पिवळा झाला की खालून थाप यायची... आणि वर हात उठायचा.

कुशल ऐकायला मुद्दाम लवकर घरी आला. त्यालाही ऐकू आलं.

"लाकूड थंडीत आकसतं, ताई. आवाज येतात."

"ठेका धरून?"



मी फोनवर रेकॉर्ड केलं. जिन्याच्या तोंडाशी फोन ठेवला. आम्ही तिघं तिथे उभे होतो आणि तिघांनाही खालचा ठेका स्पष्ट ऐकू येत होता.

नंतर लावून पाहिलं.

फर्नेसची घरघर होती. माझा श्वास होता. हॉलमधून येणारी बाबांच्या हाताची थाप होती, प्रत्येक ठोक्याला एक.

खालचा आवाज नव्हता.

मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. उत्तर होतं. हाक नव्हती.

कातडं वाळल्यावर रविवारी कुशलने तो ड्रम वर आणला आणि बाबांच्या गुडघ्याशी ठेवला. बाबांनी डावा हात पुढे केला. कातड्याखालच्या कड्यावरून बोटं फिरवली. फिरत फिरत एका जागी थांबली. तिथे कड्याला रिबिट होतं. कातड्यातूनही हाताला लागत होतं.

"कायचं कडं हाय हे?"

कुशलच्या चेहऱ्यावर जरा अभिमान होता. "ओळखलंत? आजोबांचं. मागे नागपूरला गेलो होतो ना, तेव्हा माठाखाली सापडलं. म्हटलं, मी बनवतोय त्यात आपलंही काही असावं. आणि माप असं जुळलं बाबा, घासावंही लागलं नाही."

बाबांनी हात मागे घेतला.

ते कडं मलाही माहीत होतं. आजोबांच्या डफड्याचं. गावात कोणाचं लग्न असो की मयत, पुढे डफडं वाजवत चालायचं काम आमच्या लोकांचं. नाही म्हणायची सोय नव्हती. आजोबांची धाकटी मुलगी घरात मरून पडली होती, त्या दिवशी पाटलाकडून वरातीचं बोलावणं आलं. आजोबा गेले. वाजवून परत आले आणि मग मुलीला पुरलं. दीक्षा घेतल्यावर त्यांनी विळ्याने डफड्याचं कातडं फाडलं आणि पोरांना समोर बसवून शब्द घेतला... बोलावणं आलं तरी जायचं नाही. कडं तेवढं उरलं. आजीने ते माठाखाली ठेवलं.

हे आम्हाला बाबांनीच सांगितलेलं. कुशलनेही माझ्याशेजारी बसून ऐकलेलं.

"बाबा, आता कोणी बोलावत नाही आपल्याला," तो म्हणाला. "आता आपण हौसेने वाजवतो. हाच तर फरक आहे."

"मंग हे कोण बोलावून राह्यलं?"

कुशलने उत्तर द्यायच्या आत बाबांचा उजवा हात उठला आणि कातड्यावर पडला.

ते बोटं हलवणं नव्हतं. ते वाजवणं होतं. मनगट सैल, बोटं नेमकी. बाबांनी आयुष्यात कधी काही वाजवलं नव्हतं.

कुशल ऐकत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "ताई, हा जेंबेचा हात नाही."

"काढ ते," बाबा म्हणाले.

"बाबा, हात हलतोय तुमचा. थेरपिस्टसुद्धा म्हणाली..."

"माहा नाही तो."

अपर्णा त्यांच्याजवळ बसली. "बाबा, थोडे दिवस राहू द्या. हात बरा झाला की लगेच काढू. तुम्हाला लिहायचंय ना?"

आम्हा सगळ्यांच्या मनातलंच ती बोलली होती. बाबांनी एकेकाकडे पाहिलं. 

त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, हात ड्रमवरून उचलला आणि मांडीवर दाबून ठेवला.

हात दाबलेल्या जागीच हलत राहिला... मांडीवर.

ड्रम हॉलमध्येच राहिला. कुशल रोज विचारायचा, "आज जरा जास्त हलला का?" हलत होता. पेन्सिल दिली की मात्र लुळा. चमचा दिला की लुळा.

मग एका सकाळी मी बाबांचे हात कोमट पाण्याने पुसत होते. उजवा तळवा उलटा केला आणि थांबले.

बोटांच्या मुळाशी घट्टे होते. पिवळे, टणक, जुने. वर्षानुवर्षं हाताने काम केलेल्या माणसाला पडतात तसे. आठवड्याभरात असे घट्टे पडत नाहीत. आणि खडू धरणाऱ्या हाताला तर नाहीच.

मी बाबांकडे पाहिलं.

"माह्या बापाचा हात असाच होता," ते म्हणाले. एवढं सलग वाक्य ते किती तरी दिवसांनी बोलले.

मी कुशलला बोलावून तळवा दाखवला. त्याने तो बराच वेळ आपल्या हातात धरला. मग सुरी आणली, बाबांच्या समोर बसला आणि ड्रमचे दोर कापले. कातडं सुटलं. कडं निघालं. दुसऱ्या दिवशी त्याने ते भंगारात दिलं. बेसमेंटमधले बाकीचे ड्रम मिळेल त्या गिऱ्हाइकाला विकले. या ड्रमचा रिकामा सांगाडा दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलच्या एका संगीतशिक्षिकेने मागवून घेतला.

खालचा आवाज बंद झाला.

हातही बंद झाला. पांघरुणावर नुसता पडून राहिला, ऑक्टोबरमध्ये होता तसा.

बाबा शांत झोपू लागले. कुशल ऑफिसातून आला की गाडीतच बसून राहायचा. आपण बापाचा हात आपल्याच हाताने घालवला, असं तो अपर्णाला म्हणाल्याचं तिने मला सांगितलं.

मी जर्सी सिटीला परत आले.

फेब्रुवारीत कुशलचा व्हिडिओ कॉल आला. संध्याकाळ होत होती.

"ताई, बघ."

बाबांचा उजवा हात पांघरुणावर वाजत होता. तोच ठेका.

"घरात ड्रम आहे?"

"एकही नाही."

"खालून काही येतंय?"

"नाही ना. आता काहीच वाजत नाही. नुसता हात." त्याने फोन हाताच्या जवळ नेला. "थेरपिस्ट म्हणते, प्रोग्रेस चांगली आहे. मी तिला काय सांगू?"

बाबांनी डाव्या हाताने मनगट धरून ठेवलं होतं. बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"बाबा, दुखतंय का?"

"बोलावणं हाय," ते म्हणाले. "मी नाही जात."

त्यानंतर रोज तसंच. दिवस मावळतीला आला की उजवा हात सुरू व्हायचा आणि बाबा डाव्या हाताने त्याला दाबून धरायचे. अंधार पडला की सुटायचं. थकून जायचे, पण जेवताना अपर्णाला म्हणायचे, "आज बी नाही गेलो." ती मला फोन करून सांगायची. आम्हाला त्याची सवय होत चालली होती.

मागच्या रविवारी मी व्हिडिओ कॉल केला. अपर्णाने फोन बाबांसमोर धरला.

उजवा हात दांड्यावर मोकळा वाजत होता. मनगटावर कोणाची पकड नव्हती.

"आज धरलं नाही त्यांनी?" मी विचारलं.

अपर्णाने फोन जरा वळवला.

डावा हात दुसऱ्या दांड्यावर होता...

तोही वाजत होता. उजव्याच्या दोन ठोक्यांमधल्या जागेत नेमका.

बाबांचे ओठ गच्च मिटलेले होते. जबड्याची शीर ताणली होती. सगळा जोर लावून ते तो हात थांबवायला बघत होते, हे फोनवरही कळत होतं. हात थांबत नव्हता.

मी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं नाही.

"ताई," फोनमागून अपर्णाचा आवाज आला, "दोन्ही हात चालायला लागले. हे चांगलंच लक्षण आहे ना?"