अकरा घरांचा खरवस

निंबर्ते डॉक्टरांनी मोसंबीच्या कानाला चिमटा लावला, तेव्हा ती वैजूच्या ओढणीचं टोक चघळत होती. चौदा महिन्यांची कालवड, अंगावर माशी बसली तर घसरावी अशी चकचकीत. ती व्याली की पहिली धार आपण काढायची, हे वैजूनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

चिमट्याचं नाव चीकसाक्षी. व्यायलेल्या गाईचं पहिलं घट्ट पिवळं दूध, म्हणजे चीक, वासराला सहा तासांत मिळाला का, पुढचे दोन महिने त्याचं पोट भरलं का, याच्या खुणा पेशींवर जन्मभर राहतात. चीकसाक्षी त्या वाचते आणि जनावर पुढं दिवसाला किती दूध देईल ते आधीच सांगते. आकडा बाराच्या खाली आला की दूध संघ कानात निळा बिल्ला ठोकतो. अशी जनावरं संघाच्या ट्रकनं जातात. कुठं, ते विचारायची गावात पद्धत नाही.

यंत्र टुणकन वाजलं.

"नऊ लिटर," डॉक्टर म्हणाले.

"नऊ कसे?" वैजू म्हणाली. "माझ्या ताटाआधी हिला पेंड पडते."

"आत्ताच्या पेंडीला कोण विचारतंय? पहिल्या दिवशी चीकच नाही मिळालेला."

मोसंबी जन्मली त्या दिवशी वैजूच्या आईनं त्याच चिकाचा खरवस करून अकरा घरी वाटला होता. गाय व्याली आणि शेजारी खरवस गेला नाही, असं खराड्यांकडं सात पिढ्यांत झालं नव्हतं.

"वेलदोडा मस्त होता हं वहिनी," बिल्ला ठोकता ठोकता डॉक्टर म्हणाले. "मी दोनदा घेतला होता."

वैजूच्या वडिलांना, आण्णांना, भलतीच शंका आली. "हे माणसाला चालतं का हो?"

"अंगावर पिणारा कुठलाही प्राणी चालतो."

"मग हिला लावा. चारला पाहुणे यायचेत बघायला. मुलाकडचे हल्ली विचारतात म्हणे."

"आण्णा, मी काय..."

"कान पुढं कर. मोसंबीनं केली का कुरकुर?"

चिमटा गार होता. पुन्हा टुणकन. डॉक्टरांनी सरकारी आवाजात वाचलं, "पहिले तीन दिवस निरंक. पाऊण लिटर. शिफारस: कळपातून कमी करावे." मग जरा ओशाळून, "ते बाराच्या खाली सगळ्यांनाच तसं म्हणतं."

"सासूबाई म्हणाल्या, पहिलं दूध नासकं असतं," आई पदर पिळत म्हणाली. "भिंतीवर पिळायला लावलं मला. हिला गुळाचं पाणी चाटवलं."

"भिंत मात्र टणक निघाली," आण्णा म्हणाले. "बावीस वर्षांत तडा नाही."

साडेदहाला ट्रक आला. मोसंबीनं ओढणी सोडली नाही, म्हणून आधी वैजूला आत चढावं लागलं. कालवड तिच्यामागं आपणहून चढली. ट्रकवाल्यानं वैजूचे आभार मानले.

अकराला गोठ्यातली तांबू गाय व्याली. कालवडच झाली. आण्णांनी चारही सडं कोरडी केली आणि चरवी आईच्या हातात दिली. "पाहुण्यांना ताजा खरवस. योग म्हणतात तो हाच."

"आई, वासराला?" वैजूनं स्वयंपाकघराचं दार अडवलं. "सहा तासच असतात."

"मग पाचपर्यंत वेळ आहे की," आई म्हणाली. "उरला तर देऊ."

पाहुणे वेळेवर आले. खरवस बघून खूश झाले. मुलाची आई, हणबरबाई, संघाच्या पोषण समितीवर होत्या. त्यांनी तीन वड्या खाल्ल्या. पावणेपाचला ताटात एकच वडी उरली होती. गोठ्यातून वासरू ओरडत होतं. आवाज अजून नीट फुटलेला नव्हता.

वैजूनं वडीकडं हात नेला. हणबरबाईंनी ती आधी उचलली आणि प्रेमानं वैजूच्या तोंडात भरली. "लाजतेस काय? मुलीनंही खावं."

वडी जिभेवर विरघळली. वैजूनं इतकं चांगलं कधी काही खाल्लं नव्हतं.

हणबरबाईंनी हात पुसून पर्समधून चिमटा काढला. "हा नंतर लावू. आधी एकच विचारते, शास्त्र कळणारी सून हवीय आम्हाला. जन्मलेल्या जिवाचा पहिला घास कुणाचा असतो, सांग बघू?"