सवयीचं पाणी

समुद्र पाहायला लोक मुंबईला जातात, आमच्या शेलूबाजारचे लोक माझ्या घरी येतात. बढाई नाही मारत. हायवेला लागून घर, समोरच्या खोलीत काचेची टाकी, टाकीत समुद्रासारखं खारं पाणी आणि त्यात काळेभोर मोली मासे. जीप भरेपर्यंत ड्रायव्हरसुद्धा दारात येऊन उभे राहतात.

मोली मासा दुकानात मिळतो तो गोड्या पाण्यातला. त्याला खाऱ्या पाण्यात जगवून दाखवीन म्हटलं तेव्हा सगळे हसले. अरे, पण मी हायस्कूलला विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस. देवमन मास्तर अंदाजपंचे काही करत नाही. माझी मुलगी धम्मदीपा तेव्हा नर्सिंग शिकत होती. तिनं सलाईनची कोरी नळी आणून दिली. नळीचं चाक फिरवून मी मिठाचं पाणी थेंब थेंब सोडत गेलो, घाई केली नाही. आपण समुद्रात कधी आलो ते माशांना कळलंसुद्धा नाही. असे तजेलदार झाले की बघत राहावं!

एकदाच घोळ झाला. टाकी धुताना लिलाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, एक मोली नळाच्या पाण्याच्या बादलीत टाकला. तो ना पुढं सरके, ना मागं. जागच्या जागी सगळं अंग झुलवत राहिला.

"अवो, याले काय झालं?"

"पाणी एकदम बदललं त्याचं. वापस त्याच्या पाण्यात सोड."

सोडल्यावर तो शांत झाला. हे सगळ्या गावाला सांगताना माझी छाती फुगायची.

मग एका दुपारी शेजारच्या सुंदरबाई आल्या. लिलाबाईनं माठातलं पाणी दिलं. त्यांनी घोट घेतला आणि अंगणात जाऊन थुंकला.

"मास्तर, टाकीतलं पाजता काय मले? निस्तं मीठ हाये!"

मी, लिलाबाई आणि दीपा, आम्ही तिघांनी पिऊन पाहिलं. चांगलं गोड पाणी. माझं डोकंच फिरलं. तरी शिस्तीत हायड्रोमीटर आणला. ही काचेची कांडी पाण्यात सोडली की पाणी किती खारं ते कळतं. माठात सोडली, समुद्राच्या खुणेवर तरंगली. नळाच्या पाण्यात सोडली, तीच खूण. सुंदरबाईंच्या घरी, त्याच नळाच्या लाइनवर, कांडी खाली बुडाली, म्हणजे मीठ नाही. मिठाची पाकिटं कपाटात तशीच बंद होती.

सुंदरबाईंचं पाणी मी प्यायलो. घशाखाली उतरेना. शिळं असेल म्हटलं. आमच्या तोंडाला आमचं पाणी गोड लागतं ना, मग झालं. कांडी पुसून ठेवून दिली.

पुढच्या महिन्यात दीपाला वाशीमला नोकरी लागली. आमच्या घराण्यातली पहिली सरकारी नर्स! मी पेढे वाटले, स्टँडवर सोडायला गेलो, प्रत्येकाला थांबवून सांगितलं. घरच्या पाण्याची बाटली तिच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यासोबत खोलीत राहणाऱ्या निताचा फोन आला.

"काका, दीपाची बाटली सरली, म्हणून मी इथलं पाणी देल्लं. तवापासून भिंतीपाशी उभी हाये. बोलत नाही. झुलून राह्यली नुसती."

"पुढं सरकते? मागं?"

"नाही. जाग्यावरच."

लिलाबाई रडायला लागली. ही नोकरी गेली तर पोरीचं काय, हाच एक विचार माझ्या डोक्यात होता. माठातल्या पाण्यानं कॅन भरली, सलाईनची नळी खिशात घातली. वाशीमच्या अलीकडच्या मालेगावला स्टँडवर गाडी बदलताना कॅन छातीशी धरली होती.

दीपा उभी होती. तसंच झुलत होती.

मी नळी तिच्या ओठांना लावली. चाक फिरवलं.

थेंब. थेंब.

झुलणं थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "गोड हाये."

सांगतो, हायस्कूलला मेडल मिळालं तेव्हासुद्धा एवढा अभिमान वाटला नव्हता. आता भ्यायचं कारण नव्हतं. घरच्या पाण्यात इथलं पाणी रोज थोडं थोडं मिसळायचं, घाई नाही करायची. सवय लावणं हे तर माझंच काम. दीपानं वेणी घातली, युनिफॉर्म चढवला.

निता दारातच थांबली होती. बारीक आवाजात म्हणाली, "काका, कालपासून तिची पापणी लवली नाही."

मी दीपाकडे पाहिलं. टपोरे, ओले, शांत डोळे माझ्या लेकीचे. मग निताकडे पाहिलं. तिचे डोळे सारखे मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते.

"पोरी," मी तिला विचारलं, "तू असं काहून करून राह्यली?"