बटण लावलंस का?

फोन भावजयीचा होता, आणि तेवढ्यानंच ताईच्या हातातली सुई थांबली. दीड वर्षात या बाईनं एकदाही फोन केला नव्हता.

"ताई, हॉस्पिटलातून बोलतेय. ह्यांचा सकाळपासून तोल जातोय, हात थरथरताहेत, जीभ जड झालीय. दोन दिवस उलट्याच चालल्यात. आणि सारखं एकच म्हणताहेत... बटण, बटण. कसलं बटण हो?"

ताईच्या तोंडचं पाणीच पळालं! गिऱ्हाइकाचा अर्धा शिवलेला कोट मशीनवर तसाच टाकून, पायांत दोन वेगवेगळ्या चपला सरकवून ती भर दुपारी रस्त्यावरून धावत सुटली. पन्नाशीला टेकलेली बाई अशी पळताना बघून लोक बाजूला होत होते, आणि तिला मात्र कुणी दिसतच नव्हतं. दिसत होता तो फक्त धाकटा भाऊ... जगात तिचं म्हणावं असं एकच माणूस!

अठरा वर्षांपूर्वी याच भावाचं मन एकाएकी उधळलं होतं. बावीस वर्षांचा पोर, उत्तम कटर; पण तीन दिवस डोळ्याला डोळा न लावता कापत सुटला... आधी गिऱ्हाइकांचं कापड, मग घरातल्या चादरी, शेवटी खिडकीचे पडदे! नंतर चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टरांनी लिथियमच्या गोळ्या सुरू केल्या, आणि माणूस पुन्हा माणसांत आला. फक्त गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही. आता भरल्या दुकानात गोळीचं नाव कसं काढायचं? म्हणून ताईनं तिचं नाव ठेवलं 'बटण'. "बटण लावलंस का?" असं शिंप्याच्या दुकानात विचारलं तर कुणाच्या भुवया उंचावणार?

लग्न ठरलं तेव्हा भावानं तिचे दोन्ही हात धरले होते. बायकोला हे कळलं तर ती एक दिवस राहणार नाही, असं म्हणून त्यानं तिला स्वतःच्या जिवाची शपथ घातली. ताईनं ती घेतली. मग नव्या नवरीला रोज सकाळी दुकानातून नणंदेचा तोच प्रश्न ऐकू यायचा आणि तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. साडेचार वर्षं तिनं कळ काढली, आणि एक दिवस ती फुटली. चाळिशीला आलेल्या माणसाला बटण लावायला शिकवता, माझा संसार आहे की तुमचं पाळणाघर, असं तिनं चारचौघांत सुनावलं. एक वाक्य सांगितलं असतं तर सगळा गैरसमज तिथेच मिटला असता! पण ताईनं ब्र काढला नाही. मशीन उचलली आणि दोन गल्ल्या पलीकडे खोली घेऊन राहिली. तिथून ती रोज सकाळी भावाच्या मोबाइलवर एकच शब्द पाठवायची, 'बटण?' आणि उत्तर यायचं, 'लावलं'. आजही आलं होतं.

ती हॉस्पिटलात पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई भावजयीला बारीकसारीक विचारत होत्या. मेंदूचा फोटो स्वच्छ आला होता. म्हणजे झटका नाही. दारू? छे, थेंबही नाही. काही औषधं चालू आहेत का?

"कसलीच नाहीत हो. फक्त कंबरदुखीच्या गोळ्या. मीच देतेय, दिवसातून तीनदा, दहा दिवस झाले."

दारातच ताईचं पाऊल अडखळलं. कॉटवर भाऊ अर्धवट शुद्धीत पडला होता, बोटं हवेत चाचपडत होती. त्याच्याच जिवाची शपथ होती ती... आणि आता त्याच जिवासाठी तिनं ती मोडली.

"डॉक्टर, तो लिथियम घेतो. अठरा वर्षं झाली."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. पुढच्या अर्ध्या तासात नुसती धांदल उडाली! रक्त गेलं, सलाईन लागलं, नर्स धावल्या. रिपोर्ट आला, रक्तात लिथियम हवं त्याच्या तिप्पट साठलं होतं. मूत्रपिंडं रोज ते बाहेर टाकतात, पण कंबरेच्या त्या गोळ्यांनी त्यांचा वेग मंदावला, त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, आणि ज्या औषधानं माणूस उभा केला होता त्याचंच विष झालं. आता डायलिसिस, तेही लगेच. आणखी दोन दिवस कळलं नसतं तर मेंदूला कायमची इजा झाली असती. अजूनही होणारच नाही असं सांगता येत नव्हतं.

बाहेर बाकावर भावजय ताठ बसली होती. रडत नव्हती.

"मी माझ्या हातानं देत होते, ताई. पाण्याच्या पेल्यासकट. आणि तुम्ही घर सोडून गेलात, पण मला सांगितलं नाहीत. मी पळून जाईन असं वाटलं तुम्हाला?"

"त्याला वाटलं गं."

"आणि तुम्हाला?"

अठरा वर्षं ती स्वतःच्या गप्प बसण्याला त्याग समजत आली होती. मनातल्या मनात किती मिरवलं होतं तिनं ते! आपण सोसतो, आपण झाकतो, आपल्यावाचून त्याचं कसं होणार... आणि ज्या बाईनं त्याच्या दुखऱ्या कंबरेसाठी दहा दिवस घड्याळ लावून गोळ्या दिल्या, तिच्यावर काडीचाही भरवसा टाकला नव्हता.

"मलाही वाटलं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

मग भावजयीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि ताईच्या पायांकडे बघून विचारलं, चपला कुणाच्या घालून आलात? त्यावर दोघींना हसू फुटलं, आणि हसता हसता दोघींचेही बांध फुटले. नर्सनं येऊन दटावलं तेव्हा कुठे त्या सावरल्या.

लिथियम उतरलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलं, पुन्हा डायलिसिस झालं. बहुतेक माणसं यातून नीट बाहेर येतात, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काहींच्या हाताचा कंप मात्र राहतो. पुन्हा कात्री धरता येईल की नाही, ते आज विचारू नका.

तिसऱ्या दिवशी सकाळी भावानं डोळे उघडले. उशाशी ताई दिसली. जीभ अजून जडच होती.

"सांगितलंस?"

"हो रे. मोडली शपथ."

त्यानं डोळे मिटून घेतले. पाणी कानशिलावरून उशीवर ओघळलं. मग त्याचे ओठ पुन्हा हलले.

"गेली... ती?"

उत्तर पायथ्याकडून आलं.

"मग हे तळपाय मघापासून कोण चोळतंय म्हणायचं? नर्सबाई?"

त्यानं मान उचलायचा प्रयत्न केला, पण त्याला ती उचलवेना. भावजय हात थांबवून त्याच्याकडे बघत राहिली, आणि नवरा-बायकोला जरा एकटं सोडावं म्हणून ताई हळूच उठली. ती दारापर्यंतही पोचली नव्हती.

"कुठे निघालात, ताई? या इकडे, दुसरा पाय धरा. गार पडलाय."

ताई परत फिरली, कॉटच्या कडेला बसली, आणि धाकट्या भावाचा गार पाय तिनं मांडीवर घेतला.